बदली दिल्याशिवाय

लॉन्ड्रीत त्यांना सगळेच ताई म्हणत. मालक म्हणत, मालकांची म्हातारी आई म्हणे, गाडीतून मळक्या चादरींची गाठोडी उतरवणारे हमालही म्हणत. इस्त्रीकाका वयाने त्यांच्याहून मोठे, तरी तेही ताईच म्हणत; फार चिडवायचं असलं की 'ताईबाई'.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं कपडे धुण्याचं दुकान नव्हे. पत्र्याच्या छपराची लांबच लांब इमारत होती. एका टोकाने इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या मळक्या चादरी आत यायच्या आणि दुसऱ्या टोकाने धुऊन, वाळून, घड्या होऊन बाहेर पडायच्या. मधे नुसती वाफ आणि मशीनची घरघर. खिडक्या इतक्या उंच, की उजेड यायचा पण बाहेरचं काही दिसायचं नाही. ऊन आहे की आभाळ, एवढंच कळायचं.

घडी खातं अगदी शेवटी. तिथे बायका जोडीजोडीने समोरासमोर उभ्या राहायच्या. इस्त्रीकाकांच्या रोलरखालून गरम चादर बाहेर आली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, चादर ताणायची, दुमडायची, पुढे येऊन एकीने दुसरीच्या हातात कोपरे द्यायचे आणि पुन्हा मागे व्हायचं. दिवसभर असं पुढे-मागे. नवी बाई घरी जाऊन झोपली तरी आपण चालतोच आहोत असं तिला वाटत राही.

ताई या खात्याच्या मुख्य. पण त्यांचं नाव झालं होतं ते माणसं निवडण्यामुळे. कामाला कोणी आली की ताई तिला फारसं काही विचारायच्या नाहीत. शिक्षण काय, राहते कुठे, हे मालकांनी विचारावं. ताई एक मोठी चादर घ्यायच्या, दोन कोपरे तिच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "धर."

एवढीच परीक्षा. कोणी हिसका द्यायची, कोणी ढिली सोडायची, कोणी आपल्याच हातांकडे बघत बसायची. ताईंना हवी असायची ती समोरच्या हातांप्रमाणे चालणारी. आपण थांबलो की थांबणारी, आपण पुढे आलो की पुढे येणारी. अशी सापडली की त्या मालकांच्या खोलीकडे बघून मान हलवत, आणि ती बाई दुसऱ्या दिवसापासून कामावर. ताईंनी निवडलेली बाई टिकते, असा लौकिक होता. दुसऱ्या लॉन्ड्र्यांमध्ये माणसं येत आणि उडून जात. इथे त्याच बाया वर्षानुवर्षं.

टिकण्यामागे आणखीही एक गोष्ट होती. लॉन्ड्रीचा एक नियम होता: जिला जायचंय तिने आपल्या जागी दुसरी आणायची, आणि त्या दुसरीला ताईंनी चादर धरून पास करायचं. तोवर जायचं नाही.

हा नियम मालकांनी केला नव्हता. तो ताईंचाच. त्या तरुण होत्या तेव्हा बायका न सांगता काम सोडायच्या. सकाळी पाहावं तर जागा रिकामी, आणि उरलेल्यांच्या गळ्यात दुप्पट काम. एकदा अशीच जोडीदारीण गेली आणि ताईंनी सबंध दिवस एकटीने, चादरीचं एक टोक खुंट्यांना अडकवून घड्या घातल्या. संध्याकाळी त्या रागारागाने म्हाताऱ्या मालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "जायचं तर जा म्हणावं, पण मागच्यांचं काय? बदली देऊन जा."

म्हाताऱ्या मालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं. नंतर ते गेले, मुलगा मालक झाला, रोलर नवे आले, नियम तोच राहिला.

ताईंचे यजमान बस चालवायचे. ताईंची पाळी सकाळची तर त्यांची दुपारची, नाहीतर उलट. लग्न झाल्यापासून दोघांची गाठ बहुधा दारातच पडायची, एक चप्पल काढतोय आणि दुसरी घालतेय अशी. मूलबाळ नव्हतं. यजमान निवृत्त झाले तेव्हा ताईंना वाटलं, आता निदान ते तरी घरी असतील. पण त्या माणसाच्या अंगात स्वस्थ बसणं नव्हतं. त्यांनी कुठूनशी एक नोकरी शोधून काढली.

"अगं, ऐक तरी," ते म्हणाले. "टेकडीवरच्या त्या छोट्या गावात शाळा आहे. राखणदार हवाय. दोन खोल्या देतात, मागे मोकळी जागा, झाडं. पण त्यांना जोडपं हवंय. मी दारं-खिडक्या बघायच्या, तू मुलांच्या वसतिगृहाचे कपडे."

"म्हणजे तिथेही चादरी."

"असतील थोड्या. इथल्यासारखा डोंगर नाही. आणि मुख्य म्हणजे दुपारी आपण दोघं जेवायला एकत्र. मी तुला दुपारी जेवताना पाहिलंच नाहीये कधी. कशी जेवतेस तू?"

"तोंडाने," ताई म्हणाल्या. पण त्यांना हसू आलं होतं, आणि त्या दिवशी हात कामात असताना त्यांच्या डोळ्यांसमोर सारख्या त्या दोन खोल्या येत राहिल्या. त्यांची खिडकी खाली असेल, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. बसल्या जागी बाहेरचं दिसेल अशी.

त्या मालकांकडे गेल्या. मालक तरुण, बोलायला गोड. ताईंना बघितलं की खुर्चीवरून अर्धे उठायचे.

"ताई, तुम्हाला नाही म्हणणारा मी कोण?" ते म्हणाले. "जा की. तुमचा हक्कच आहे. फक्त तेवढी बदली द्या. नियम तुमचाच आहे, पास करणाऱ्याही तुम्हीच. मला तर मधे बोलायचं कारणच नाही."

ताई खुशीत बाहेर आल्या. बाहेर इस्त्रीकाका कान लावून होते.

"झालं? सुटलात?"

"बदली द्यायची की निघायचं."

"अहो ताईबाई, कायद्यात असलं काही नाही. उद्या सकाळी येऊ नका. कोण येणार आहे न्यायला?"

"आणि या बायकांना काय तोंड दाखवू? इतकी वर्षं यांना याच नियमाने अडवलं ना मी?"

इस्त्रीकाका गप्प झाले. ते गप्प झाले म्हणजे मुद्दा खरा, हे खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईंना वाटलं होतं तितकं ते सोपं गेलं नाही. नुसती घड्या घालणारी नको होती. खातं सांभाळणारी, पुढे माणसं निवडू शकणारी हवी होती. पहिलं नाव डोळ्यांसमोर आलं ते सावलीचं. सावली म्हणजे ताईंची जोडीदारीण. अबोल बाई. कायम ताईंच्या समोर, ताईंच्या हातांबरोबर हलणारी, म्हणून तिला सगळे सावली म्हणायचे. तिला माणसं निवडता येतात का ते बघायला ताईंनी नव्या उमेदवार बायका तिच्यापुढे उभ्या केल्या. सावलीने एकेकीबरोबर चादर धरली आणि सगळ्यांना पास केलं.

"अगं, सगळ्या कशा चालतील?" ताई म्हणाल्या.

"गरजू आहेत बिचाऱ्या," सावली म्हणाली.

मालकांनी हात जोडले. "ताई, ही उद्या एखाद्या म्हशीलाही पास करेल."

मग बाहेरच्या बायका आल्या. एक चांगली होती, पण तिला खात्याचं ओझं नको होतं. एकीला हवं होतं, पण तिचा हात दगडासारखा. ताई प्रत्येकीबरोबर चादर धरायच्या, मनात म्हणायच्या, या वेळी कानाडोळा करू, पास म्हणून टाकू. आणि कोपरे हातात आले की तोंडातून "नाही" निघायचं. घरी यजमान कपाटाच्या वरची ट्रंक काढून पुसत होते.

अशात एक दिवस ठिणगी आली. हे नाव तिला नंतर पडलं. अंगाने काटकुळी, केस आखूड कापलेले, आणि येताच तिने विचारलं, "बसायला स्टूल नसतं का इथे?"

"उभ्याचं काम आहे," ताई म्हणाल्या. "धर."

तिने धरली आणि ओढली. हिसका नव्हता तो. सरळ, ठाम ओढ होती. ताई थांबल्या तेव्हा ती थांबली नाही. ताईंना एक पाऊल पुढे यावं लागलं.

"नाही जमणार," ताई म्हणाल्या.

"का पण?"

नापास झालेली बाई का म्हणून विचारत नसे. ती मान खाली घालून जायची. ताई जरा गोंधळल्या. "ओढतेस तू."

"मग? चादर सरळ व्हायची तर कोणीतरी ओढायला नको? दोघीही एकमेकींना सांभाळत बसल्या तर मधे झोळी होईल की."

खात्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईंनी चादरीकडे पाहिलं. कडेला कड बरोबर बसली होती. ताईंच्या आणि सावलीच्या घडीत बसायची त्याहून थोडी जास्तच बरोबर.

"परत धर," त्या म्हणाल्या.

दुपारी चहाच्या वेळी इस्त्रीकाका शेजारी येऊन बसले. "रागावणार नसाल तर एक सांगू?"

"तुम्ही सांगितल्यावाचून राहणार आहात का?"

"तुम्ही माणसं नाही निवडत, ताई. उशा निवडता. जिथे ठेवाल तिथे राहतात. लोक म्हणतात, ताईंनी निवडलेली टिकते. टिकेल नाहीतर काय? जी ओढते तिला तुम्ही दारातूनच परत पाठवता. आत येते ती आधीच 'बरं' म्हणायला तयार असलेली."

ताईंनी कप खाली ठेवला. आपण कसं काम मिळवलं ते त्यांना आठवलं. म्हाताऱ्या मालकांनी जे जे विचारलं होतं त्या सगळ्याला त्या 'बरं' म्हणाल्या होत्या. पुढेही तेच. पाळी बदलू? बरं. आज थोडं थांबा. बरं. आपण माणसं पारखतो असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. आता वाटलं, आपण आपल्यासारखीच माणसं शोधून शोधून आत घेत होतो.

त्यांनी ठिणगीला पास केलं. आपल्या जागेसाठीच. मालकांनी भुवया उंचावल्या, पण ताईंच्या शब्दापुढे ते काही बोलत नसत.

"ठीक आहे. तुम्ही म्हणता तर चालेल. पण ताई, पोरगी नवीन आहे. तिला तयार करून जा. महिनाभर थांबा फक्त."

"बरं," ताई म्हणाल्या.

यजमानांची शाळा सुट्टी संपून उघडत होती. ते रागावले नाहीत. ट्रंक घेऊन एकटेच गेले. मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी सांगितलं, बायको मागाहून येतेय. रोज फोन करायचे.

"अगं, मागे पेरूचं झाड आहे. आणि दुपारी जेवताना मी समोर तुझं ताट मांडतो, नुसतंच."

"वेडे आहात का? लोक बघतील."

"कोण बघतंय? मुलं वर्गात असतात. कधी येतेस?"

"महिन्याने."

महिना गेला. ठिणगी झपाट्याने शिकली. तिचा हात पक्का होता आणि नजरही. उमेदवार बायकांशी ती हसून बोलायची, पण जिला नाही म्हणायचं तिला तोंडावर सांगायची आणि का ते समजावूनही सांगायची. बायकांना आधी ती उद्धट वाटली. मग ती मालकांकडे जाऊन बसायला बाकं मागून आली तेव्हा त्यांचं मत बदललं. ताई मालकांकडे निरोप घ्यायला गेल्या.

"ताई, आता?" मालकांचा चेहरा पडला. "अहो, नव्या इस्पितळाचं काम परवाच घेतलंय. ते एकदा मार्गी लागू दे. एवढा वेळ थांबलात, आणखी थोडा."

ताईंनी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालच्या फोटोंकडे पाहिलं. एका फोटोत म्हातारे मालक होते. "बरं," त्या म्हणाल्या.

बाहेर ठिणगी उभी होती. "मग? कधी निघताय?"

"इस्पितळाचं काम मार्गी लागलं की."

"तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणाले."

"का?"

ताई घडी खात्याकडे वळल्या. त्या दिवशी फोनवर यजमानांनी आधी पेरूच्या झाडाचं सांगितलं. मग म्हणाले, "मुख्याध्यापिकाबाई चांगल्या आहेत गं, पण त्यांच्यावरही कोणीतरी आहे. या महिन्याच्या अखेरपर्यंत तू आली नाहीस तर दुसरं जोडपं बघणार. मग मीही परत. काही हरकत नाही. आपण इथेच होतो की इतके दिवस."

त्यांनी ते सहज म्हटलं, पण 'हरकत नाही' म्हणताना त्यांचा आवाज कसा झाला ते ताईंना कळलं. घर आता फार मोठं वाटत होतं. एकटीने चादर दुमडावी तसं त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायच्या आणि परत यायच्या.

इस्पितळाचं काम मार्गी लागण्याऐवजी वाढतच गेलं. मालकांनी जेवणाची सुट्टी कापली. ठिणगी त्यांच्याशी भांडली. मालक गोड बोलले. ती गोडव्याला बधणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने एप्रन काढून खुंटीला अडकवला, डबा पिशवीत टाकला आणि म्हणाली, "मला बसडेपोत तिकीटखिडकीवर काम मिळतंय. मी निघाले."

सगळ्या जोड्या थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "आणि बदली?"

"कसली बदली? मी चालले," ती म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली. फाटकावरच्या माणसाने तिला अडवलं नाही. त्याने फक्त बाजूला होऊन वाट दिली. इतकी वर्षं त्या फाटकाकडे बघून बायका माघारी फिरायच्या, आणि तिथे अडवणारं कोणी नव्हतंच.

मालक धावत आले. "ताई, जा, आणा तिला. तुमचं ऐकेल ती. तुमचं सगळे ऐकतात."

ताई निघाल्या. अंगावर एप्रन, पायात कामाच्या ओल्या रबरी चपला. दिवसाढवळ्या, कामाच्या वेळी, रस्ता असा कधी पाहिलाच नव्हता त्यांनी. दुकानं उघडी, एक माणूस दारात टेबल टाकून घड्याळ दुरुस्त करतोय, दोन म्हातारे भिंतीच्या सावलीत बसून भांडताहेत. वळणावर त्यांनी ठिणगीला गाठलं.

"थांब जरा. धाप लागली मला."

ठिणगी थांबली. "परत न्यायला पाठवलं ना?"

"हो."

"मी नाही येणार."

"ऐक तर." आणि ताई बोलू लागल्या. काय बोलायचं याचा त्यांना विचारही करावा लागला नाही. मागच्या बायकांचं काय होईल. सावलीला दोघींचं काम पडेल. मालक वाईट नाहीत, इस्पितळाचं काम तोंडावर आहे म्हणून करतात तसं. इतक्या दिवसांत शिकलीस ते वाया घालवू नकोस. चार दिवस थांब, मी बोलते त्यांच्याशी. एकेक शब्द कसा मऊ, कसा नेमक्या जागी पडत होता. कितीजणींना त्यांनी असं वळवलं होतं. ठिणगी आधी मान हलवत होती, मग खाली बघू लागली, मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही म्हणता म्हणून. चार दिवस."

तो शब्द त्यांचा होता. त्यांच्याच सुरात, तशीच मान तिरपी करून. ही ओढणारी पोरगीही त्यांच्या हातात आली होती, आणि चार दिवसांचे किती होतात ते ताईंइतकं कोणाला ठाऊक होतं?

"नको," त्या म्हणाल्या. "माझं ऐकू नकोस."

"अं?"

"जा तू. डेपोत जा. मी सांगेन, सापडली नाही."

"आत्ताच तर म्हणालात—"

"म्हणाले. मी असंच म्हणते नेहमी. जा गं, लवकर जा, नाहीतर मी परत बोलायला लागेन."

ठिणगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग खदखदून हसली, त्यांचा हात धरून दाबला आणि गेली.

ताई परत आल्या. ड्रायर थांबले होते, चादरींचा ढीग पडला होता. मालक दारातच उभे होते.

"ती नाही येत," ताई म्हणाल्या, आणि थांबल्या तर पुढचं बोलता येणार नाही म्हणून एका दमात म्हणाल्या, "आणि शनिवारी मीही जातेय. बदली नाही."

मालक काही बोलायच्या आत त्या घडी खात्यात शिरल्या. तिथेही त्यांनी तेच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. रोलरची घरघर चालूच होती. इस्त्रीकाकांनी टोपी काढून डोकं पुसलं. मग सावलीने हातातली चादर खाली ठेवली. तिला मधेच चादर खाली ठेवताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"मला मग का थांबवलंत?" ती म्हणाली.

ताईंना आधी कळलंच नाही.

"माझी आई आजारी होती. मी दोन बदल्या आणल्या. पहिली ढिली म्हणालात, दुसरी आखडलेली. मी म्हटलं, ताई म्हणतात म्हणजे खरंच असेल. आई गेली तेव्हा मी तुमच्यासमोर इथे उभी होते. तुमच्या हाताकडे बघत." तिचा आवाज चढला नाही. ती नेहमीच्याच हळू आवाजात बोलत होती आणि त्यामुळे ते ऐकवत नव्हतं. "शनिवारी तुम्ही बदलीवाचून जाणार. जाता येत होतं तर."

ताई म्हणाल्या, "हो. जाता येत होतं."

"मग?"

"मला माहीत नव्हतं. आणि मला तू हवी होतीस समोर." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "दोन्ही बदल्या चांगल्या होत्या. पहिली तर नक्कीच."

सावलीने चादर उचलली, ताईंकडे न देता शेजारच्या जोडीकडे गेली आणि तिसरी म्हणून उभी राहिली. त्यानंतर ती ताईंशी बोलली नाही. ताईंनीही तिला बोलवलं नाही. त्यांना ते मागण्याचा हक्क वाटेना. उरलेले दिवस त्यांनी एक टोक खुंट्यांना अडकवून घड्या घातल्या. इस्त्रीकाका मधेमधे येऊन दुसरं टोक धरत आणि मुद्दाम वाकडं धरत, म्हणजे ताईंनी ओरडावं. त्या ओरडल्या नाहीत.

शनिवारी ताईंनी येतानाच कापडी पिशवी भरून आणली. गाडी संध्याकाळची होती. चहाच्या सुट्टीनंतर बायका परत आल्या तेव्हा सावलीची जागा रिकामी होती. आधी वाटलं, हात धुवायला गेली असेल. मग कोणीतरी खुंटीकडे पाहिलं. तिचा एप्रन नीट घडी घालून खुंटीखाली ठेवलेला होता. डबा नव्हता. चपला नव्हत्या. फाटकावरचा माणूस म्हणाला, "गेल्या की मघाशीच. मला वाटलं, सांगून आल्या असतील."

सावली कुठे गेली, कोणाला ठाऊक नव्हतं. आई तर आता नव्हती. तिला जायला दुसरी कुठली जागा आहे का, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, ताईंनीही नाही.

काम संपायच्या सुमारास मालकांनी ताईंना खोलीत बोलावलं. या वेळी ते खुर्चीवरून उठले नाहीत. डोळे लाल झालेले होते, आणि रागावण्यापेक्षा ते घाबरलेले जास्त दिसत होते.

"बघितलंत?" ते म्हणाले. "आधी ती पोरगी, आता सावली. सोमवारी आणखी दोघी जाणार म्हणतात. वडिलांनी आणि तुम्ही मिळून जे बांधलं ते एका आठवड्यात गेलं, ताई. मी तुम्हाला दोष देत नाही. जाच तुम्ही. पण अशा वेळी? नुसता हा महिना काढू या. मी हात जोडतो. माझ्या आईनेही विचारलंय, ताई थांबतायत ना म्हणून. मी तिला काय सांगू?"

मालक खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. लॉन्ड्री खरंच मोडत होती, म्हातारी खरंच विचारत असेल, आणि समोरचा हा मुलगा त्यांनी शाळेच्या गणवेशात वडिलांच्या मागे लपताना पाहिला होता. एक महिना. आपण तिथे थोडं उशिरा गेलो तर काय होईल? मुख्याध्यापिकाबाई चांगल्या आहेत. यजमान समजून घेतील, ते घेतातच. सगळी वाक्यं त्यांच्याच मऊ आवाजात एकामागून एक येऊन उभी राहिली आणि जिभेवर तो एकच शब्द येऊन थांबला.

"ताई? काय म्हणता?"

ताई काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांना स्वतःचा भरवसा नव्हता. तोंड उघडलं असतं तर तोच शब्द बाहेर पडला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पिशवी छातीशी धरली आणि मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मालकांना कळलं नाही.

त्या बाहेर पडल्या. बायका निरोप द्यायला फाटकाशी उभ्या होत्या. एकीने विचारलं, "काय म्हणाले?" एक रडली. इस्त्रीकाका म्हणाले, "काहीतरी बोला की, ताईबाई. आयुष्यभर एवढं समजावलंत लोकांना." ताईंनी प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला, काकांना नमस्कार केला आणि तोंड मिटूनच चालत राहिल्या. मागून मालकांची हाक ऐकू आली. पहिल्या हाकेला त्यांचे पाय अडखळले. दुसरी हाक ऐकू आली तेव्हा त्या वळणावर पोहोचल्या होत्या.

बसमध्ये कंडक्टरने "कुठे?" म्हणून विचारलं तेव्हाही त्यांच्याने बोलवेना. त्यांनी पुढच्या बाईच्या तिकिटाकडे बोट दाखवलं. ती टेकडीवरच्या त्याच गावाला चालली होती, हे नशीबच म्हणायचं.